फुटलेली अंडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ मे हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा दिवस. त्यानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. निळ्या हेल्मेटातल्या मुलींचा फोटो पाहून छाती फुगली, खोटं कशाला सांगू! पण लेखाच्या शेवटाकडे एक वाक्य आहे. मोहिमांमध्ये महिलांची संख्या वाढली की तिथले लैंगिक गैरप्रकार आपोआप थांबतील, असं त्यात म्हटलंय. त्या 'आपोआप'पाशी मी अडलो. पान घडी घालून ठेवलं, दोन दिवसांनी पुन्हा काढलं, आणि आज लिहायला बसलोय. पत्र लांबलं तर कात्री लावायचा हक्क आपलाच आहे. फक्त अंड्यांचा भाग कापू नका.

मी लष्करातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतलं एक वर्ष आफ्रिकेतल्या एका शांतिमोहिमेत गेलं. मोहिमेचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की वर्ष कळतं, वर्षावरून बटालियन कळते, आणि ज्यांनी काहीच केलं नाही अशा आठशे जणांच्या घरी हे पत्र जाऊन पोचतं. माझ्याकडे बंदुकीपेक्षा वहीचं काम जास्त होतं. रेशन स्टोअर. संयुक्त राष्ट्रांचा ठेकेदार आठवड्याचा माल आणून टाकायचा आणि तिथून तो आमच्या वेगवेगळ्या चौक्यांवर जायचा. पीठ, तांदूळ, गोठवलेलं मांस, दुधाचे खोके, पाण्याच्या बाटल्या आणि अंडी.

अंडी तीसच्या ट्रेमध्ये यायची. नव्वद-पंच्याण्णव जणांच्या एका चौकीला आठवड्याला बावीस ट्रे, म्हणजे सहाशेसाठ अंडी. दर आठवड्याला चौकीवरून कागद यायचा, त्यात 'तूट-फूट' असा एक रकाना. अंडं ते अंडं, फुटणारच. सगळ्यात लांबच्या चौकीचा रस्ता असा होता की ट्रकमधल्या माणसाची हाडं वाजायची. तिथून फुटीचा आकडा यायचा दहा, बारा, फार तर पंधरा. आणि आमच्यापासून तासाभरावर, बऱ्यापैकी रस्त्याला लागून एक चौकी होती, तिथून यायचा पन्नास, सेहेचाळीस, एकदा तर बासष्ट. तीन आठवडे पाहिलं. चौथ्या आठवड्यात माल न्यायला आलेल्या हवालदाराला विचारलं, "अरे, तुमची अंडी एवढी कशी फुटतात?" तो हसला. "साब, अंडा है, टूटता है." मीही हसलो आणि सही केली.

पुढे एकदा आमच्या दुभाष्यानं विषय काढला. वयानं मोठा माणूस, लढाईआधी शाळामास्तर होता. शाळा जळली, आता आमच्याकडे रोजावर होता. चहा घेता घेता म्हणाला, त्या चौकीजवळच्या वस्तीत एक मुलगी आहे, तिला सगळे 'अंडंवाली' म्हणून चिडवतात. मी विचारलं, किती वर्षांची? तो म्हणाला, माझ्या सहावीच्या वर्गात होती, शाळा जळून चार वर्षं झाली. एवढं बोलून त्यानं कप धुऊन पालथा ठेवला आणि निघून गेला. रोजंदारीचा माणूस, त्याहून जास्त बोलणं त्याला परवडणारं नव्हतं. मला परवडलं असतं. मी बोललो नाही.

आता कुणी म्हणेल, पुरावा काय? कोर्टात टिकेल असा काहीच नाही. एक वही आणि एका मास्तराचं एक वाक्य. पण निवृत्तीनंतर मुलानं इंटरनेट जोडून दिलं, तेव्हा मी संयुक्त राष्ट्रांचे जुने अहवाल वाचायला लागलो. दुसरं काम नव्हतं म्हणा किंवा ते 'अंडंवाली' डोक्यातून जात नव्हतं म्हणा. २००४ साली पूर्व कांगोतल्या बुनिया शहरात संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत देखरेख कार्यालयानं चौकशी केली होती. आरोप ७२ आले होते. जानेवारी २००५ मध्ये अहवाल आला. त्यात शांतिसैनिकांनी मुलींना काय देऊन जवळ केलं, ते लिहिलंय. थोडे पैसे, कधी एखादा डॉलर, कधी खाणं. आणि खाण्यात अंडी, दूध. ते वाचलं आणि मी स्क्रीन बंद केली. माझी मोहीम बुनियातली नव्हती. माझी वही मात्र मला तिथं दिसली.

बराकीत या विषयावर एक शब्द नेहमी ऐकू येतो. 'राजीखुशी'. जबरदस्ती नाही ना केली, मग झालं तर! मी स्वतः हा शब्द ऐकून मान डोलावलेली आहे. म्हणून थोडं सविस्तर सांगतो. तळाभोवतीच्या काटेरी तारेच्या आत डिझेलचा जनरेटर रात्रभर चालतो, फ्रिजमध्ये मांस असतं, डॉक्टर असतो, बाटलीबंद पाणी असतं. तारेच्या बाहेर चार वर्षं पीक नाही, बाप कुठं गेला माहीत नाही, आणि रात्री कोण येईल याचा भरवसा नाही. ज्याच्यापासून वाचवायला आम्ही गेलो होतो ती टोळी डोंगराच्या पलीकडेच असायची. मध्ये तार, तारेपाशी बंदूक घेतलेला बावीस वर्षांचा पोरगा, आणि त्याच्या हातात दोन अंडी. अशा वेळी समोरचीच्या 'हो'ला काय वजन द्यायचं? ती नाही म्हणू शकत होती का, हा प्रश्न आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी काढलेलं पत्रक नेमकं हेच धरून आहे. अठरा वर्षांखालच्या कुणाशीही लैंगिक संबंध नाही, तिथल्या कायद्यात वय काहीही असो, आणि 'मला ती मोठी वाटली' ही सबब चालणार नाही. पैसे, नोकरी, वस्तू, अन्न यांच्या बदल्यात शरीरसंबंध नाही, मग त्या देशात वेश्याव्यवसाय कायदेशीर असला तरी नाही. आणि ज्यांना मदत द्यायला तुम्ही गेलात, त्यांच्याशी असे संबंध ठेवण्यापासून दूर राहा, कारण दोन्ही बाजू मुळातच बरोबरीच्या नाहीत.

हे पत्रक मुळात संयुक्त राष्ट्रांच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी होतं. सैन्य पाठवणाऱ्या देशांशी जो करार होतो त्याच्या नमुन्यात हे नियम बांधून घातले गेले ते २००७ मध्ये. आमच्या खिशात त्याआधीचं कार्ड असायचं, निळ्या टोपीवाल्यांसाठी दहा नियमांचं. त्यातला एक नियम बायका-मुलांच्या शोषणाबद्दलच होता. कार्ड लॅमिनेट केलेलं होतं. पत्ते वाटताना गुण मांडायला त्याची मागची बाजू बरी पडायची. मोहिमेत पोचल्यावर एक तासाचं लेक्चर व्हायचं, त्यात या सगळ्याला 'एसईए' म्हणायचे, 'लैंगिक शोषण आणि अत्याचार' याची इंग्रजी आद्याक्षरं. गुन्ह्याला तीन अक्षरं मिळाली की तो मलेरियासारखा वाटायला लागतो. काळजी घ्या, झालाच तर कळवा.

हे काही अलीकडचं नाही. १९९२-९३ मध्ये कंबोडियात मोठी मोहीम होती, तिचे प्रमुख जपानचे यासुशी अकाशी. तक्रारी घेऊन लोक गेले तेव्हा त्यांचा सूर असा लागला की शेवटी तरुण पोरं आहेत, रक्त गरम असतं. त्यावर शंभराहून अधिक बायका-पुरुषांनी सह्या करून त्यांना पत्र पाठवलं. १९९६ मध्ये ग्रासा माशेल यांनी युद्धातल्या मुलांविषयीचा अहवाल संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला. त्यासाठी मुलांच्या लैंगिक शोषणाविषयी बारा देशांचा अभ्यास झाला होता आणि त्यातल्या सहा देशांत शांतिसेना आल्यावर लहान मुलींचा बाजार झपाट्यानं वाढला होता. माशेलबाई मोझांबिकच्या. त्यांच्याच देशात १९९२च्या करारानंतर आलेल्या सैनिकांनी बारा ते अठरा वयाच्या मुली गाठल्याचं त्या अहवालात आहे. म्हणजे १९९६ मध्ये हे सगळं कागदावर होतं. बुनिया त्यानंतर आठ वर्षांनी घडलं.

आणि हे फक्त जवानांचं पाप आहे असं आपल्या वाचकांना वाटू नये, म्हणून बोस्निया. तिथं सैनिक नव्हे, आंतरराष्ट्रीय पोलीस होते, अनेक देशांतून आलेले, चांगल्या पगारावरचे. पूर्व युरोपातून फसवून आणलेल्या मुली तिथल्या बारमध्ये डांबल्या जात होत्या आणि गिऱ्हाइकांत हे पोलीसही होते, काही जण तर त्या धंद्यातच होते. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातून आलेल्या कॅथरिन बोल्कोव्हॅक नावाच्या पोलीसबाईंनी २००० मध्ये वरिष्ठांना हे लिहून कळवलं. त्यांना आधी कामावरून बाजूला केलं, मग काढून टाकलं. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या कामगार न्यायाधिकरणानं निकाल दिला की तोंड उघडल्याबद्दलच त्यांना काढलं होतं. त्या जिंकल्या. ज्यांच्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं त्यांच्यातले काही आपापल्या देशात परत गेले. बस, एवढंच.

आता मुद्द्यावर येतो, तो कायद्याचा. लोकांना वाटतं, संयुक्त राष्ट्रांच्या माणसाला कुणी हातच लावू शकत नाही. हे अर्धं खरं. संयुक्त राष्ट्रांचे नागरी कर्मचारी आणि तज्ज्ञ यांना १९४६च्या करारानं संरक्षण आहे, पण ते कामापुरतं. न्यायाच्या आड येत असेल तर ते काढून घेणं महासचिवांचं कर्तव्य आहे, असं त्याच करारात लिहिलंय. आमच्यासारख्या सैनिकांची गोष्ट वेगळी. मोहीम ज्या देशात असते त्याच्याशी एक करार होतो आणि त्यानुसार सैनिकावर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकार फक्त त्याच्या स्वतःच्या देशाला असतो. ना तिथल्या कोर्टाला, ना संयुक्त राष्ट्रांना. न्यूयॉर्कला बसलेले साहेब फार तर चौकशी करू शकतात, तुमचा माणूस परत न्या म्हणू शकतात, पुन्हा पाठवू नका म्हणू शकतात. बेड्या घालू शकत नाहीत.

थोडक्यात, शिक्षा द्यायची तर ती आपणच द्यायची. आपण म्हणजे सैन्य पाठवणारे देश. आणि इथंच सगळं अडतं. नोव्हेंबर २००७ मध्ये हैतीतून श्रीलंकेचे १०८ सैनिक एकदम परत पाठवले गेले. हैतीतली लहान मुलं त्यांच्या शोषणाची बळी होती. त्यावेळी बातमी झाली, गाजावाजा झाला. दहा वर्षांनी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी मागोवा घेतला, तर तुरुंगात गेलेला एकही नाही. फ्रेंचांचंही तेच. २०१४ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात, राजधानी बांगीच्या विमानतळाशेजारच्या छावणीत, निर्वासित मुलांनी फ्रेंच सैनिकांबद्दल सांगितलं. नऊ-दहा वर्षांची मुलं, खायला मागायला गेलेली. हे सैनिक निळ्या टोपीचे नव्हते, फ्रान्सच्या स्वतःच्या हुकमाखाली होते, हे सांगायला हवं. पण मुलांचे जबाब संयुक्त राष्ट्रांच्या लोकांनीच नोंदवले आणि ते आत फिरत राहिले. अँडर्स कोम्पास नावाच्या स्वीडिश अधिकाऱ्यानं ते फ्रान्सला देऊन टाकले, तर २०१५ मध्ये निलंबित कोण झालं? कोम्पास! मग कॅनडाच्या निवृत्त न्यायाधीश मारी देशां यांची समिती बसली आणि तिनं डिसेंबर २०१५ मध्ये संस्थेच्याच घोर अपयशावर बोट ठेवलं. कोम्पास निर्दोष ठरले आणि काही महिन्यांतच नोकरी सोडून गेले. फ्रान्समध्ये २०१८च्या जानेवारीत न्यायाधीशांनी खटला न चालवताच प्रकरण बंद केलं.

दुसऱ्यांची लक्तरं काढताना आपली झाकायची नाहीत. ऑगस्ट २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं की कांगोच्या उत्तर किवू प्रांतात आधी राहून गेलेल्या भारतीय तुकडीतल्या काही जणांविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मिळाला आहे. तेव्हाचे महासचिव बान की-मून यांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली. पुढे आपल्या लष्करानं चौकशी बसवली, डीएनएपर्यंत गोष्टी गेल्या. त्या काळात आम्हा निवृत्तांच्या बैठकीत यावर काय बोललं जायचं, ते आठवलं की आजही लाज वाटते. एक जण म्हणाला होता, "बदनामी करायचे धंदे आहेत सगळे." कुणी विरोध केला नाही. मीही नाही. माझ्याकडे तर वही होती.

एक बाई आठवते. रेशनचा ट्रक यायचा म्हणून त्या दिवशी मी मुख्य गेटवर होतो. ती पाठीवर मूल बांधून आली. तीन-चार महिन्यांचं असेल. तिनं एका जवानाचं नाव घेतलं, म्हणजे तो स्वतःला सांगायचा ते टोपणनाव. आमच्याकडे त्या नावाचे अकरा जण निघाले असते. तरी मला समजलं की ती आमच्यातल्या कुणाला शोधत नव्हती. आमच्या आधीची बटालियन दोन महिन्यांपूर्वी बदलून गेली होती. तिच्या दृष्टीनं तेच कपडे, तीच टोपी, तीच भाषा. माणसं बदलल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पहारेकऱ्यानं गेटच्या रजिस्टरमध्ये वेळ टाकली आणि लिहिलं, 'एक स्थानिक महिला, चुकीची चौकशी, परत पाठवली.' आमच्या एका पोरानं तिला बिस्किटाचा पुडा दिला. तिनं तो घेतला, आमच्याकडे पाहिलं, आणि गेटसमोर सावलीत बराच वेळ बसून राहिली. संध्याकाळी नव्हती.

तैनाती वर्षाची. तक्रार वर यायला दोन-चार महिने. आरोप झाल्यावर देशानं दहा कामकाजाच्या दिवसांत आपला तपास अधिकारी नेमायचा की तपास संयुक्त राष्ट्रांवर सोडायचा ते कळवायचं, असा नियम आहे. तो येईपर्यंत बटालियन विमानात बसलेली असते. साक्षीदार एका खंडात, आरोपी दुसऱ्या खंडात. हैतीत २००४ ते २०१७ मोहीम होती. ती गुंडाळली जात असताना, २०१७ मध्ये, सबीन ली आणि सुझन बार्टेल्स या दोन अभ्यासक बायकांच्या गटानं तळांच्या आसपासच्या सुमारे अडीच हजार लोकांना मोहिमेविषयी बोलतं केलं. मुलांबद्दल मुद्दाम विचारलंही नव्हतं. तरी २६५ जणांनी आपणहून शांतिसैनिकांपासून झालेल्या मुलांच्या गोष्टी सांगितल्या. त्या मुलांना तिथं नावच पडलंय, 'पेती मिनुस्ता'. मिनुस्ता हे त्या मोहिमेच्या फ्रेंच नावाचं लघुरूप. मोहिमेची पोरं.

संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये पीडितांसाठी निधी काढला, २०१७ मध्ये पीडितांच्या हक्कांसाठी खास अधिकारी नेमला. चांगलं आहे. पण तो निधी नुकसानभरपाई देत नाही. शिवणकाम शिकवणं, समुपदेशन, औषधोपचार अशा प्रकल्पांना जातो. पोटगी द्यायची ती बापानं, आणि बाप कोण ते ठरवायचं त्याच्या देशानं. त्या गेटसमोरच्या बाईनं हे कुणाला आणि कोणत्या भाषेत विचारायचं?

आता महिलांबद्दल, कारण पत्राला सुरुवात तिथूनच झाली. २००७ मध्ये लायबेरियाला गेलेली आपली महिला पोलीस तुकडी ही संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पहिली संपूर्ण महिला तुकडी. वर्षाला एक अशा नऊ तुकड्या २०१६ पर्यंत तिथं राहून आल्या. त्यांनी गस्त घातली, दंगे आवरले, मुलींना स्वसंरक्षण शिकवलं. त्यांना पाहून तिथल्या बायका पोलिसांत यायला लागल्या, सुरक्षा दलांतलं त्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवर गेलं. २०२४ मध्ये मेजर राधिका सेन यांना कांगोतल्या कामासाठी संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, त्याआधी मेजर सुमन गवानी यांना. तारेबाहेरची बाई गणवेशातल्या बाईशी बोलते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे दुसऱ्या देशाची एक महिला निरीक्षक यायची. ती आली की ज्या बायका आम्हाला पाहून तोंड फिरवायच्या, त्या तिच्याभोवती बसायच्या. म्हणून महिला हव्यात, जास्त हव्यात. सैन्याच्या तुकड्यांत २०२८ पर्यंत १५ टक्के, असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय.

पण तुमच्या लेखातला अर्थ वेगळा निघतो. पुरुष बिघडतात, म्हणून सोबत बाई ठेवा, म्हणजे त्यांना लाज वाटेल. म्हणजे पोरीनं बंदूकही चालवायची आणि बाजूच्या पुरुषाची राखणही करायची? ती महिला निरीक्षक स्वतः कशी राहायची, सांगतो. तिच्या कंटेनरच्या दाराला कडी नव्हती. तिनं तीनदा अर्ज केला. शेवटी आमच्या सुतारानं रेशनच्या खोक्याची पट्टी आणि एक बोल्ट लावून तिला आतून बंद होणारं दार करून दिलं. ती कुणापासून दार बंद करायची? टोळीवाल्यांपासून नव्हे, ते तळात येत नव्हते. आम्ही कुणीच विचारलं नाही. जिला स्वतःच्या तळात कडी लागते, तिच्याकडून तारेबाहेरच्या पोरींचं रक्षण 'आपोआप' होईल म्हणता?

शिवाय मी सही केली तेव्हा त्या कागदावर बाईची सही नव्हतीच. हवालदाराची होती, माझी होती, माझ्यावरच्या साहेबांची होती. आकडा वाचायला बाई लागत नाही.

मग काय करायचं, असं विचाराल. मी रेशनवाला आहे, धोरणकर्ता नाही, पण तीन गोष्टी कळतात. एक म्हणजे कोर्ट मार्शल तिथंच बसवा. २००५ मध्ये जॉर्डनचे राजदूत प्रिन्स झैद यांनी महासचिवांसाठी तयार केलेल्या अहवालात हेच सुचवलं होतं. आणि ते अशक्य नाही. २०१२ मध्ये पाकिस्ताननं हैतीतच लष्करी न्यायालय बसवून एका अल्पवयीन मुलावरच्या बलात्काराबद्दल आपल्या दोघांना शिक्षा दिली. एक वर्षाची दिली, फार थोडी दिली, त्यावर टीका झाली आणि व्हायलाच हवी होती. पण निकाल त्याच भूमीवर लागला. पाकिस्तान करू शकतं तर आपल्याला काय अडचण आहे? दुसरं, निकाल काहीही लागो, तो त्या बाईला कळवा, तिच्या भाषेत, कागदावर. तिसरं, बटालियन निघण्याआधी तक्रारी बाकी आहेत का ते तपासा, आणि बाकी असतील तर त्या माणसाला विमानात बसवू नका. रेशनचा एक ट्रे कमी असला तर मला क्लिअरन्स मिळत नव्हता, महाराज!

मार्च २०१६ चा सुरक्षा परिषदेचा २२७२ क्रमांकाचा ठराव पूर्ण तुकडीच परत पाठवायची मुभा देतो. इजिप्त त्यावेळी तटस्थ राहिला, म्हणाला, थोड्यांसाठी सगळ्यांवर डाग का? आमच्या बैठकीतही हेच म्हणतात आणि मला त्यांचं दुःख कळतं. २०२१ मध्ये गॅबनचे साडेचारशे सैनिक मध्य आफ्रिकेतून परत गेले, त्यांत बरेच जण निर्दोष असणार. आपले आजवर पावणेदोनशेच्या वर जवान निळ्या टोपीत कामी आले. माझ्याच मोहिमेत एक पोरगा गेला, माल पोचवून परत येताना. त्याच्या आईच्या डोळ्यांसमोर हे पत्र येऊ नये असं मलाही वाटतं. तरी सांगतो, चौकीवर नव्वद जण असतात आणि रात्री तारेपाशी काय चालतं ते नव्वदांना ठाऊक असतं. करणारे चार असतील. आकडा मात्र मलाही कळला होता, आणि मी तर तासाभराच्या अंतरावर होतो.

एक विनंती आहे. आपल्या वार्ताहरांपैकी कुणी माहितीच्या अधिकारात संरक्षण मंत्रालयाला विचारावं, की गेल्या वीस वर्षांत शांतिमोहिमांतल्या लैंगिक गुन्ह्यांसाठी किती जणांवर कोर्ट मार्शल झालं, किती जणांना काय शिक्षा झाली, आणि त्यातल्या किती प्रकरणांत तक्रार करणाऱ्या बाईला निकाल कळवला गेला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की कृपया छापा. नाही आलं तर तेही छापा.

माझं नाव आणि पत्ता कार्यालयासाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे. छापू नये.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार